एक-चौदातला खाजनाचा रकाना

परवा बाबांच्या कृषी कार्डाच्या कामासाठी जमिनीचा उतारा काढला. महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी सांगतो, तुमचा जसा सातबारा तसा आमचा गोव्यात एक-चौदा, फॉर्म वन अँड फोर्टीन. ऑनलाइन मिळतो आता, सर्व्हे नंबर टाकला की झालं. प्रिंटआउट हातात घेऊन मी पहिल्यांदाच तो नीट वाचला, एरवी आपण फक्त नाव बरोबर आहे ना एवढंच बघतो. लागवडीखालच्या जमिनीचे त्यात सहा रकाने आहेत. ड्राय क्रॉप, गार्डन, राइस, खाजन, केर, मोरड. पहिले तीन इंग्रजी आणि पुढचे तीन आपलेच शब्द, फक्त इंग्रजी अक्षरांत टाइप केलेले. फॉर्म बनवणारे कोण साहेब होते देव जाणे, पण ह्या तीन शब्दांपाशी येऊन त्यांची डिक्शनरी संपली असणार.

आमच्या उताऱ्यात पाच रकान्यांत शून्यं आणि खाजनाखाली एक आकडा. तेवढीच आमची इस्टेट.

उताऱ्याचा फोटो मी पुण्याच्या एका मित्राला पाठवला तर त्याचा मेसेज, खाजण म्हणजे खाडीकाठची दलदल ना रे, तिथे कसली शेती करता तुम्ही? आता त्याचं पण चूक नाही. तिकडे कोकणात खाजण म्हणजे खारी पडीक जमीन, तिवरांची. आमच्याकडे खाजन म्हणजे शेत. फरक फक्त एका बांधाचा आहे. बांध आहे तोवर आमचं खाजन, बांध फुटला की तुमचं खाजण. हे मी त्याला गंमतीत लिहिलं आणि नंतर बराच वेळ फोन हातात धरून बसलो, कारण गंमत वगैरे काही नव्हतीच त्यात, आमच्या वाड्यावर नेमकं हेच झालंय.

वाडा म्हणजे किती, चौदा घरं. डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठाने नार्वे आणि पिळगावच्या बाजूला जी सपाट शेतं लागतात त्यातल्या एका कोपऱ्यात. मागे तांबड्या चिऱ्याच्या दगडाची टेकडी, टेकडीच्या पायथ्याला घरं आणि माड, घरांच्या खाली शेत, शेताच्या पलीकडे बांध आणि बांधाच्या पलीकडे नदी. नदीपलीकडे दिवाडी बेट. संध्याकाळी वारा बरोबर असेल तर तिकडच्या इगर्जीची, म्हणजे चर्चची, घंटा आमच्या अंगणात ऐकू येते आणि आमच्याकडची शिगम्याची ढोल-ताशे तिकडे जात असणार, कधी कोणी तक्रार केली नाही.

आता ह्या चित्रातली गोष्ट जी फोटोत दिसत नाही ती अशी की भरतीच्या वेळी नदीचं पाणी आमच्या शेताच्या वर असतं. वर म्हणजे खरंच वर. पुनवेच्या किंवा अवसेच्या भरतीला बांधावर उभं राहिलं तर डावीकडे नदी पायाशी आणि उजवीकडे भात चांगलं खाली. लहानपणी मला ते बघून पोटात गोळा यायचा. संपूर्ण गोव्यात अशी साधारण 18 हजार हेक्टर खाजनं आहेत म्हणतात, म्हणजे एवढी सगळी जमीन माणसांनी चिखलाच्या भिंती घालून भरतीच्या तोंडातून काढून घेतलेली.

ह्या भिंतीला दार असतं. त्याला मानस म्हणायचं. पिळगावच्या बाजूचा सारमानस हा फेरीचा धक्का सगळ्यांना माहीत आहे, पण त्या नावात मानस आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. मानशीची करामत अशी की तिला चालवायला माणूस लागत नाही. लाकडी दारं असतात, ओहोटीला नदी खाली गेली की शेतातलं पावसाचं पाणी आतून ढकलून दार उघडतं आणि बाहेर जातं, भरती चढली की नदीच बाहेरून दाबून दार बंद करून घेते. मोटर नाही, वायर नाही, सब्सिडी नाही. आजोबा म्हणायचे, नदीनेच नदीला कडी घालायची. ते लाकूड माट्टीचं पाहिजे असा त्यांचा हट्ट होता (घाटावर ज्याला ऐन म्हणतात तो), दुसरं लाकूड खाऱ्या पाण्यात दोन पावसाळे पण टिकत नाही म्हणायचे.

माणूस लागत नाही म्हटलं खरं, पण मानशेकार असायचाच. दारात ओंडका अडकला, दोरी तुटली, कुर्ल्यांनी बांधाला भोकं पाडली, हे बघायला कोणीतरी फिरावं लागतं. आमच्या वाड्यावर बरीच वर्षं ते आजोबांकडे होतं. घड्याळ नव्हतं त्यांच्याकडे, म्हणजे होतं, लग्नातलं, पण ते कपाटात. भरतीची वेळ ते तिथीवरून काढायचे. तिथीची पाऊणपट करायची, येतील तेवढे तास. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. त्यात वर थोडा वेळ घालायचा कारण समुद्राकडून पाणी नदीतून आमच्यापर्यंत चढायला वेळ लागतो. मी शाळेत पाऊणकीचा पाढा पाठ न करता शिकलो तो असा. आता फोनवर टाइड चार्ट येतो, बघतो मी, पण मनात आधी तिथी मोजतो आणि मग ताडून पाहतो. आजोबा अर्ध्या तासापेक्षा जास्त चुकलेले मला आठवत नाहीत.

मानशीवर राखणदाराचं स्थान होतं, अजून आहे. वर्षातून एकदा नारळ, रोंट (जाड रोटी). हा राखणदार म्हणजे देवचार, तो रात्री बांधावर फिरतो, त्याच्या हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी, आणि त्याच्या वहाणा झिजतात म्हणून काही ठिकाणी त्याला नवीन वहाणा ठेवतात. पलीकडे दिवाडीच्या बांधावर खुरीस, म्हणजे क्रूस, आहे, तिथे मेणबत्ती लागते. लहानपणी काळोखात ती मेणबत्ती दिसली की आजी म्हणायची, त्यांचा पण राखणदार जागा आहे. नदीला दोन्हीकडून पहारा.

भात कोरगुट. खारं सोसणारं बी, उंच वाढतं, दाण्याला लांब कुसं. पहिल्या पावसाने जमिनीतला मीठ धुवून निघेपर्यंत घाई करायची नाही हा मुख्य नियम, जून बराचसा धुण्यातच जातो. तोवर बी गोणीत भिजवून मोड आणायचे आणि ते मोड आलेलं बी चिखलात टाकायचं. खत घालत नाहीत, गाळच खत. पीक कमी येतं, हे मान्य करायला पाहिजे, जया-ज्योती ह्या सुधारित बियाण्यांच्या समोर उभं राहायची त्याची लायकी नाही. पण त्याच्या उकड्या तांदळाची पेज आणि सोबत खारातली कैरी, म्हणजे... असो. भूक लागली असताना लेख लिहू नये.

भात कापलं की दिवाळीनंतर खाजनाचं दुसरं आयुष्य सुरू. मानशीतून खारं पाणी थोडं आत घ्यायचं, त्याने तण मरतं आणि पाण्याबरोबर सुंगटं (कोळंबी), शेवटे, काळुंदर, नशीब असेल तर चोणक आत येतो. आतला जो खोलगट भाग असतो त्याला पोंय म्हणतात, मासळी तिथे वाढते. मग अवस-पुनवेच्या मोठ्या ओहोटीला रात्री मानशीच्या तोंडाला पिशवीसारखं जाळं बांधायचं आणि पाणी बाहेर पडताना मासळी आपोआप जाळ्यात. कंदील घेऊन आम्ही पोरं बसायचो. ह्या मासळीची पावणी व्हायची, म्हणजे लिलाव, आणि ते पैसे बांधाला. हे सगळं किती हुशारीने बांधलेलं होतं बघा, शेत राखतो तो बांध, बांध राखते ती मासळी, मासळी येते ती मानशीतून.

हे कोणी केलं? राजाने नक्कीच नाही. बांदोड्याला सापडलेल्या अनिर्जितवर्मा नावाच्या मौर्य राजाच्या ताम्रपटात खज्जन जमिनीचा उल्लेख येतो, म्हणजे शब्द तेवढा जुना आहे, पण राजे दान द्यायचे, चिखल उचलायचे नाहीत. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना इथे आधीच चालू असलेली गांवकारी, म्हणजे गावाने मिळून जमीन आणि बांध सांभाळायची पद्धत, मिळाली. 1526 साली अफोन्सो मेशिया नावाच्या अधिकाऱ्याने तिसवाडी तालुक्यातल्या गावांच्या चालीरीती लिहून काढल्या, त्याला फोराल म्हणतात, आणि त्याच्या सुरुवातीलाच एक गोष्ट आहे, जुन्या काळी चार माणसं एका ओसाड बेटावर गेली, त्यांनी ती जमीन कसली, वस्ती वाढली आणि त्यांना गांवकार म्हणू लागले. चारच माणसं. नावं नाहीत. मला ही गोष्ट फार आवडते कारण सरकारी कागदात लोककथा घुसलीय. दिवाडी तिसवाडीतच येते, त्यामुळे अंगणात बसून समोर बघताना मला ती चार माणसं नेहमी ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उभी दिसतात, एकजण दुसऱ्याला शिव्या घालतोय असं पण.

आमची बाजू नव्या काबिजादीतली, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातली, इथे पोर्तुगीज अठराव्या शतकाच्या शेवटी आले, तोपर्यंत त्यांची पहिली दोनशे वर्षांची धग निवली होती. म्हणून तर पलीकडचा सप्तकोटेश्वर अलीकडे आला. दिवाडीचं देऊळ मोडलं तेव्हा भक्तांनी लिंग नदी ओलांडून नार्व्याला आणलं आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधवलं, त्याचा शिलालेख दारावर आहे. शाळेच्या सहलीत हे सगळ्यांना सांगतात. मात्र देवाबरोबर भक्त मंडळीही आली असतील, त्यांनी इकडच्या काठाला आल्यावर पहिल्या पावसाळ्यात काय खाल्लं, बांध कुणाचा वापरला, हे कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. गोकुळाष्टमीला नार्व्याला पंचगंगेत स्नानाला गर्दी होते तेव्हा लोक पाण्यात उभे राहून पलीकडे बघतात. आजी पण बघायची. काय बघतेस विचारलं तर म्हणायची, काय नाही रे, दिवाडी.

आता जरा कटू भाग. गोवा मुक्तीनंतर 1964 ला कूळ कायदा आला, मग 1976 ची पाचवी दुरुस्ती, कसेल त्याची जमीन. आमच्या घरात ह्याचं मोल काय आहे ते शब्दांत सांगता येणार नाही. त्याआधी भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, खळ्यावर भात मोजून द्यायचं आणि उरेल ते घरी. आजोबा कुडवाने मोजायचे, वीस कुडव म्हणजे एक खंडी, आणि मोजताना पहिल्या कुडवाला 'एक' म्हणायचे नाहीत, 'लाभ' म्हणायचे. खंड भरतानासुद्धा लाभच. एक-चौदात कुळाच्या जागी त्यांचं नाव आलं त्या दिवशी म्हणे त्यांनी वाड्यावर सगळ्यांना चहा आणि मिक्चर दिलं. त्यामुळे कायदा वाईट होता असं माझ्या तोंडून कधी निघणार नाही.

पण कायद्याने जमीन तुकड्या-तुकड्याने दिली आणि बांध तुकड्यात येत नाही ना. ह्या कुणगीचा, म्हणजे शेताच्या तुकड्याचा, मालक मी, त्या कुणगीचा तू, आणि दोघांच्या समोरचा बांध? पूर्वी भाटकार आणि गांवकारी आपल्या वाट्याच्या काळजीने का होईना बांधाला हात लावायचे, आता त्यांचं काय जळत होतं. सरकारला पण हे कळलं होतं, 1975 ला कुळांच्या सामायिक जबाबदारीचे नियम झाले, कूळ संघ झाले, पावणीचे पैसे संघाकडे आणि बांध संघाने बघायचा. कागदावर एकदम फिट. पहिली काही वर्षं चाललं सुद्धा. मग झालं असं की सुंगटांचे भाव चढले आणि भाताचे तिथेच राहिले. शेतापेक्षा मानस महाग झाली. पावणी घेणाऱ्याला खारं पाणी जास्त दिवस आत हवं, शेतकऱ्याला ते लवकर बाहेर हवं, आणि संघाच्या मीटिंगला शेतकरी येईनात कारण पोरं खाणीवर ट्रक चालवत होती. दिवसाला भाताच्या महिन्याभराची कमाई. मी कोणाला दोष देऊ, माझा सख्खा काका त्यात होता.

खाण आठवली म्हणजे बार्ज आठवल्या. तेव्हा मांडवीतून खाणीच्या खनिज मातीने भरलेल्या बार्ज दिवसरात्र मुरगावच्या दिशेने खाली जायच्या आणि प्रत्येक बार्जीमागून एक लाट येऊन बांधाला थापड मारून जायची. एक थापड काहीच नाही. पण बांध चिखलाचा आहे, तो मोजत बसतो.

मी बारावीत होतो त्या आषाढात, अवसेच्या रात्री, वर पाऊस आणि खाली मोठी भरती, साडेबाराच्या आसपास बांध गेला. आवाज मोठा झाला नाही. मला वाटलेलं सिनेमासारखा कडाड होईल, तर नुसतं पाणी पडल्याचा आवाज, पन्हळीखाली येतो तसा, फक्त तो थांबेना. सकाळी पाहिलं तर दहा-बारा मीटरची फट आणि शेताच्या जागी नदी. आजोबा फटीच्या कडेला येऊन बसले आणि म्हणाले, "आता पाणी गोडं आहे, आता काय नाही. दिवाळीच्या आधी बांधा."

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पावसाळ्यात नदीला वरून एवढं पाणी येतं की आमच्याकडे ती जवळजवळ गोडीच होते. भात वाहून गेलं ते एका वर्षाचं नुकसान. खरा मार पाऊस संपल्यावर, नदी परत खारी होते तेव्हा. म्हणजे हातात तीन महिने होते. त्या तीन महिन्यांत संघाच्या दोन मीटिंगा झाल्या, एका मीटिंगीत हिशेबाच्या वहीवरून भांडण झालं, अर्ज गेले, पाहणी झाली, पाहणीचे फोटो निघाले. तुळशीच्या लग्नापर्यंत फट तशीच. मग उन्हाळाभर दिवसातून दोनदा खारं पाणी शेतात येत-जात राहिलं.

पुढे बांधला, नाही असं नाही. जेसीबी आला आणि टेकडीची तांबडी माती टिपरने आणून ओतली. आजोबा काठी घेऊन बघत उभे. खाजनाचा बांध नदीच्या काळ्या चिखलाचा घालतात, ओहोटीला चिखलाचे ठोकळे कापून हातोहात द्यायचे, मध्ये पेंढ्याचा थर, एक थर सुकून तडकला की वर दुसरा, महिनाभर चालतं ते. तांबडी माती पाण्यात साखरेसारखी विरघळते. हे त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं सुद्धा, तो बिचारा दुसऱ्या राज्यातला, त्याने मान हलवली आणि पुढची टिपर मागे घेतली. दोन पावसाळ्यांत बांध परत खचला. आजोबा त्याच्या आधी गेले.

2012 ला खाणी बंद पडल्या, बार्ज थांबल्या, नदी शांत झाली, पण तोवर शेतात तिवरं आली होती. भरतीबरोबर त्यांच्या शेंगा तरंगत आल्या आणि जिथे चिखल मिळाला तिथे उभ्या राहिल्या. आता पुरुषभर उंच आहेत. तिवरं तोडायला बंदी आहे आणि ती बरोबरच आहे, बांधाच्या बाहेर तिवरं हवीतच, तीच लाटांची थापड झेलतात, आजोबा बाहेरचं एक झाड कोणाला तोडू द्यायचे नाहीत. पण बांधाच्या आत? उताऱ्यात खाजन, जागेवर जंगल. 2011 च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचं रक्षण करायचं असं वेगळं लिहिलेलं आहे, मी वाचलंय. आता आमचं ते खाजन म्हणून राखायचं की तिवर म्हणून, हे आमच्या वाड्यावर कोणी ठामपणे सांगत नाही. गूगल मॅपवर तिथे निळा ठिपका दिसतो. रविवारी मोठ्या लेन्सवाले लोक येतात, पक्षी बघायला, चोडणच्या सलीम अली अभयारण्यात गर्दी झाली की इकडे वळतात बहुतेक. एकाने बाबांना विचारलं, अंकल हे वेटलँड किती वर्षं जुनं आहे? बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी बारावीत होतो तेव्हापासून.

टेकडीकडच्या वरच्या बाजूला दोन कुणग्या अजून शाबूत आहेत, तिथे खारं पाणी फार चढत नाही. गेली काही वर्षं त्या पण पड होत्या. ह्या वर्षी बाबांच्या डोक्यात काय आलं माहीत नाही, रिटायर झालेल्या माणसाच्या डोक्यात काहीही येतं, म्हणाले कोरगुट टाकूया. बी कुठे आहे? वाड्यावर कुणाकडेच नाही. बी एकदा सुटलं की सुटलं, ते दुकानात मिळत नाही. शेवटी फेरीतून पलीकडे गेलो, दिवाडीला, बाबांच्या ओळखीतून एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी. त्यांनी मांडवात बसवलं, सरबत दिलं, आणि बराच वेळ बीचा विषयच काढला नाही. आमचा बांध फुटला ती रात्र त्यांना आठवत होती. म्हणाल्या, सकाळी उठून पाहिलं तर तुमच्या बाजूला पाणी चकाकत होतं आणि आमचे सगळे आपल्या बांधावर धावले.

मग आत जाऊन त्यांनी दोन कुडव भात मोजून गोणीत घातलं. पहिल्या कुडवाला काय म्हणतात ते मी कान देऊन ऐकत होतो, त्या काहीच बोलल्या नाहीत, ओठ फक्त हलले. बाबांनी पाकीट काढलं तर एकदम हात आडवा केला. "पयशे नाकात बाब. बीं परत हाड, पिकलें की. दोन कुडव म्हणजे दोन कुडव." म्हणजे पैसे नकोत, पिकलं की बी परत आण.

गोण तीन दिवस मागच्या दारी भिजत होती, वर दगड ठेवून. चौथ्या दिवशी बाबांनी हात घातला, मूठ बाहेर काढली, मला हाक मारली. पांढरे बारीक मोड, नखाएवढे. मानशीची दारं नवीन करायला सुताराला सांगितलंय, तो ॲडव्हान्स मागतोय आणि माट्टीचं लाकूड मिळत नाही म्हणतोय. आज एकादशी, अवस चार दिवसांवर आलीय. बाबा आत्ताच विचारून गेले, अवसेची भरती रात्री किती वाजता, मी चार्ट उघडायच्या आत तेच म्हणाले, बारा-साडेबारा, आणि टॉर्च चार्जिंगला लावायला गेले.